हस्तनिर्मित घडीचे चाकू : रास्त भाव म्हणजे नेमका कोणता?

केदार_मॅरिएटा

नमस्कार मंडळी. येथे फाउंटन पेन, घड्याळे आणि जुने कॅमेरे जमवणारे पुष्कळ जण आहेत. घडीच्या चाकूंचे शौकीन किती आहेत याची मला कल्पना नाही, तरीही धागा काढतो आहे.

कारखान्यात हजारोंनी तयार होणाऱ्या चाकूंबद्दल मला विचारायचे नाही. एकटा कारागीर स्वतःच्या शेडमध्ये पाते घासण्यापासून मूठ जोडण्यापर्यंत सर्व कामे करून वर्षाकाठी मोजकेच चाकू करतो, त्यांच्याबद्दल हा प्रश्न आहे. मला ज्यांचे काम आवडते त्या अमेरिकन कारागिराचा स्वतःचा दर ९०० डॉलरच्या आसपास आहे. परंतु त्यांची प्रतीक्षायादी बंद आहे, ईमेलवरून होणाऱ्या सोडतीत शेकडो नावे असतात, आणि सोडतीत मिळालेला चाकू त्याच आठवड्यात १७००-१८०० डॉलरला पुनर्विक्रीस लागलेला दिसतो. दुप्पट रक्कम देणे मला अशक्य आहे असे नाही, पण वरचे ९०० डॉलर ज्याने कधी कानस हातात धरली नाही अशा माणसाच्या खिशात जातात, हे मनाला पटत नाही.

तेव्हा अशा मागणीतल्या वस्तू कारागिराच्या भावात मिळवण्याचा मार्ग कोणी काढला आहे का? जूनमधील अटलांटाचे ब्लेड शो प्रदर्शन माझ्या घरापासून जवळ आहे, म्हणून त्याविषयीही सांगावे.

खडूस

'रास्त भाव' ही अक्षरे शिधावाटप दुकानाच्या पाटीखेरीज इतरत्र प्रथमच वाचली. शिधापत्रिकेवर माणशी किती चाकू मिळतात?

अनघा_सॅन_होजे

केदारराव, आपल्या प्रश्नातच एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती मला मान्य नाही. कारागिराने सांगितलेली किंमत तेवढी रास्त आणि पुनर्विक्रीची किंमत म्हणजे लूट, असे आपण कशावरून ठरवता? तीच वस्तू १८०० डॉलरला खळखळ न करता विकत घेणारे लोक असतील, तर तिचा भाव १८०० आहे. कारागीर ९०० घेतो म्हणजे तो प्रत्येक ग्राहकाला ९०० डॉलरची देणगी देतो आहे, आणि सोडत ही त्या देणगीच्या वाटपाची पद्धत आहे. देणगी मिळाली नाही म्हणून बाजाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याला खरोखर कारागिराचे भले हवे असेल तर त्यांनीच दर वाढवावा असा आग्रह धरा.

लोहारकी

मी भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हौसेने चाकू करतो, म्हणून अनघाताईंच्या मुद्द्याला कारागिराच्या बाजूने उत्तर देतो.

आधी ९०० डॉलरमध्ये काय येते ते पाहू. घडीचा चाकू हा खरे तर लहानसे यंत्र आहे. पाते, दोन बाजूंच्या टायटॅनियमच्या पट्ट्या, पिव्हट म्हणजे पाते ज्याभोवती फिरते ती आस, वॉशर किंवा बेअरिंग, पाते अडवणारी पिन, आणि पाते मिटलेले असताना त्याला जागेवर धरून ठेवणारी बारीक गोळी, एवढ्या गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात. पात्याचे पोलाद, मग ते १५४सीएम असो वा सीपीएम एस३५व्हीएन, कडक केल्यावर कठीणतेच्या रॉकवेल मापावर ५८ ते ६१ च्या दरम्यान यावे लागते, आणि भट्टीत पाते किंचित जरी वाकले तरी पुढचे सगळे गणित बिघडते. हाताने पॉलिश करायचे म्हटले की २२० नंबरच्या घासकागदापासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाची रेघ पूर्ण जाईपर्यंत घासावे लागते. एक रेघ शेवटी दिसली तर दोन टप्पे मागे जायचे. खटका, म्हणजे उघडे पाते मिटू न देणारी पट्टी, बसवताना पात्याच्या मागच्या टोकाचा उतार कानशीच्या दोन फटक्यांनी जास्त झाला तर पाते हलू लागते, आणि ते पाते बाद होते. घासपट्टे, वाया गेलेले साहित्य, वीज, प्रदर्शनाच्या टेबलाचे भाडे आणि कर वजा केल्यावर त्या ९०० डॉलरमधून हाती उरणारी मजुरी एखाद्या बऱ्या वाहन मेकॅनिकच्या ताशी दरापेक्षा फारशी जास्त नसते.

मग तो दर का वाढवत नाही? याची दोन कारणे आहेत. आज १८०० ला जाणारी शैली आणखी चार वर्षांनी चालेलच असे नाही, आणि एकदा वाढवलेला दर उतरवला की 'याचे काम आता पडले' अशी कुजबुज सुरू होते. दुसरे म्हणजे त्याला आपले चाकू वापरणाऱ्यांच्या खिशात हवे असतात. १८०० डॉलरच्या चाकूने कोणी पार्सल फोडत नाही. तो पेटीत जातो आणि तेथेच राहतो. म्हणून जो भाव कारागीर वर्षानुवर्षे टिकवू शकतो आणि ज्यात त्याचे घर चालते, तो माझ्या मते रास्त भाव.

अनघा_सॅन_होजे

चार वर्षांचा मुद्दा मान्य करते. मेकॅनिकची तुलनाही पटली. पेटीतल्या चाकूबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. विकत घेतलेल्या वस्तूचे काय करावे हे घेणाऱ्याने ठरवावे.

न्यू_जर्सीचे_काका

केदार, मी या छंदात बराच मुरलेला आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

प्रदर्शनात दोन पद्धती आढळतात. काही कारागीर टेबलावर पिशवी ठेवतात, तुम्ही नावाची चिठ्ठी टाकायची आणि ठरल्या वेळी समक्ष हजर राहायचे. नाव निघाले तर टेबलाच्या भावात चाकू मिळतो. काही जण एखाददुसऱ्या चाकूसाठी बंद चिठ्ठ्यांत बोली मागवतात आणि सर्वांत मोठ्या आकड्याला चाकू देतात. अनघाताईंना ही दुसरी पद्धत आवडावी, कारण तिच्यात वरचा पैसा निदान कारागिरालाच मिळतो. ज्याला रास्त भाव हवा आहे त्याने बोलीच्या टेबलापासून दूर राहावे आणि चिठ्ठ्या मिळतील तितक्या टेबलांवर टाकाव्यात, मात्र दोन सोडती एकाच वेळेला येत नाहीत ना हे आधी पाहावे.

यादीबद्दल सांगायचे तर 'बंद' यादी बहुधा पूर्ण बंद नसते. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, टेबलासमोर दहा मिनिटे उभे राहून त्यांच्या कामाविषयी समजून-उमजून बोलणाऱ्या माणसाचे नाव वहीत लिहून घेतले जाते, हे मी पाहिले आहे. तो माणूस उद्या चाकू विकणार नाही एवढी खात्री कारागिराला हवी असते. चाकू लगेच पुनर्विक्रीस काढणाऱ्याचे नाव कित्येक जण यादीतून कायमचे उडवतात.

आगाऊ रकमेबाबत मात्र कठोर राहा. चांगल्या कारागिरांपैकी बरेच जण काम सुरू होईपर्यंत काहीच मागत नाहीत. थोडी रक्कम विसाराची म्हणून द्यायला हरकत नाही, पण तीन वर्षांनी मिळणाऱ्या चाकूची पूर्ण किंमत आज मोजू नये. कारागीर अप्रामाणिक असतोच असे नाही. आजारपण, घटस्फोट, कोपराचे दुखणे यांतून पैसे खर्च होऊन जातात आणि चाकू कधीच होत नाही. अनोळखी विक्रेत्याकडून घेताना पेपॅलच्या 'मित्र आणि कुटुंब' मार्गाने पैसे पाठवू नयेत, कारण त्या मार्गाला खरेदीदाराचे संरक्षण नाही. तीन टक्के वाचवायला सुचवणाऱ्याला ते तीन टक्के आपणच द्यावेत.

आणखी एक गोष्ट. मुठीला हस्तिदंत असेल तर भावाचा विचार करण्याआधी कायदा पाहा. न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या कायद्यांनी हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आणली आणि तीत मॅमथचा दातही धरला आहे. इतर राज्यांत जो मॅमथ राजरोस विकला जातो तो आमच्याकडे विकता येत नाही.

खडूस

काका, शेवटच्या दिवशी दुपारी दहा मिनिटे उभे राहून समजून-उमजून बोलणे, हे आमच्याकडे मुलगी पाहायला गेल्यावर करत असत.

शेफील्डची_मीरा

सर्व चर्चा अमेरिकन, खटक्याच्या, टायटॅनियमच्या चाकूंभोवती चालली आहे, म्हणून इंग्लंडची बाजू मांडते. येथे १९८८ च्या कायद्याप्रमाणे सबळ कारणाशिवाय खिशात बाळगता येतो तो तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, खटका नसलेला, घडीचाच चाकू. त्यामुळे उघडे पाते केवळ पाठीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) ताणावर धरून ठेवणारे पारंपरिक चाकू इथे केवळ जुन्याच्या प्रेमापोटी विकले जात नाहीत. रोज वापरायचा तर तोच प्रकार घ्यावा लागतो.

शेफील्डमध्ये एकटे किंवा एखाद्या मदतनिसाबरोबर काम करणाऱ्या कारागिरांना 'लिटल मेस्टर' म्हणत. त्यांतील अखेरच्या पिढीचे स्टॅन शॉ १९४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी वारले. त्यांच्याकडे चाकू मागणाऱ्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागे, तरी मागणीच्या जोरावर त्यांनी भाव फुगवल्याचे मी कोणाकडून ऐकलेले नाही. आता त्यांचे चाकू लिलावात येतात आणि तेथील आकड्यांशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही.

या शहरात अजून मोजके लोक हे काम करतात, तरुणही आहेत. त्यांचे साधे एका पात्याचे चाकू शंभर-दीडशे पौंडांत थेट त्यांच्याकडून मिळू शकतात. असा चाकू हातात घेतल्यावर पाहायचे ते असे : पाते सावकाश उघडताना कमान अर्ध्यावर आणि शेवटी पाठीच्या रेषेत सपाट येते का, हे बोट फिरवून पाहावे; मिटताना आवाज टणटणीत आणि एकच यावा; आणि चाकू उजेडासमोर धरल्यावर कमान व पट्ट्या यांच्या फटीतून प्रकाश दिसू नये. नावाजलेल्या कारागिराच्या सहीपेक्षा मी या तीन गोष्टींवर अधिक विश्वास ठेवते.

मिहिर_लियाँ

मीराताईंच्या म्हणण्याला फ्रान्सची पुस्ती जोडतो, कारण नावावर जाणाऱ्याची फसगत इथल्याइतकी क्वचितच कुठे होत असेल. आव्हेरों प्रांतातील लाग्योल गावाचा चाकू १८२९ पासूनचा मानला जातो. त्याच्या कमानीवर मधमाशी आणि मुठीवर बारीक खिळ्यांचा मेंढपाळाचा क्रूस असतो. तथापि 'लाग्योल' हे नाव वर्षानुवर्षे कोणीही वापरत आल्यामुळे दहा युरोचा आयात केलेला चाकूही मधमाशीसह त्याच नावाने विकला जातो. एका उद्योजकाने १९९३ मध्ये हे नाव अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी स्वतःच्या व्यापारचिन्हाखाली नोंदवले, तेव्हापासून खटले चालू झाले, आणि २०१२ मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली होती.

खरे लाग्योल बनते ते काही त्या गावात आणि पुष्कळसे थिएर शहरात, जे ड्यूरोल नदीच्या काठी शतकानुशतके चाकूंचे काम करत आले आहे. दरवर्षी मे महिन्यात तेथे कुटेलिया नावाचे प्रदर्शन भरते आणि एकेकटे काम करणारे कारागीर टेबले मांडून बसतात. केदारराव, अटलांटाच्या मानाने तेथील भाव आपल्याला सुखद वाटतील. एका कारागिराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडलेला, कमानीवर कानशीने वेलबुट्टी कोरलेला चाकू दोन-अडीचशे युरोत मिळू शकतो. खरेदीपूर्वी मधमाशीकडे नीट पाहावे. चांगल्या चाकूत ती कमानीच्याच पोलादातून घडवलेली असते; स्वस्त चाकूत ती वेगळी करून डकवलेली असते आणि कडेला सांधा दिसतो.

न्यू_जर्सीचे_काका

मिहिर, भाव खरा असला तरी टपालाने मागवणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी जकातमाफी थांबवली आहे, त्यामुळे दोनशे युरोच्या चाकूवरही आता आयातशुल्क आणि कुरियर कंपनीचा हाताळणी आकार बसतो. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी हा साधा घडीचा चाकू, जो तेथे काही हजार येनांत मिळतो, त्याचा येथे पोचेपर्यंतचा खर्च चाकूपेक्षा भारी ठरू शकतो. कोणी पाहुणा येणार असेल तर त्याच्या चेक-इन सामानातून आणवावा.

सोलापुरी_चादर

आपल्याकडच्या रामपुरीचा उल्लेख कोणीच केला नाही! मुंबईत ज्याचे नाव घेतले की माणूस दोन पावले मागे सरतो तो रामपुरी. संग्रहासाठी घेण्यासारखा आहे का?

लोहारकी

घेण्यासारखा होता, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. उत्तर प्रदेश सरकारने १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर निर्बंध आणले आणि रामपूरचा धंदा बसला. आता त्या शहरातील चौकात २०२३ पासून सुमारे २० फुटांचा चाकू उभा आहे, पण काम जाणणारी घरे थोडी उरली आहेत. बाजारात 'रामपुरी' म्हणून मिळणारे बहुतेक पत्र्याचे, कमान ढिली असलेले चाकू आहेत आणि त्यांना संग्रहमूल्य नाही. जुना, पितळी मुठीचा, खटक्यावर खण्‌कन बसणारा नमुना भेटला तरच विचार करावा.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हे विसरू नये की पोलीस आयुक्तालये महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वरचेवर मनाई आदेश काढतात आणि त्यांत सुऱ्यांचाही समावेश असतो. संग्रह घरी ठेवावा, खिशात घालून लक्ष्मी रोडवर मिरवू नये.

मुठींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या जुन्या चाकूंवर जी खडबडीत, तपकिरी शिंगाची मूठ दिसते ती बहुतांशी भारतातल्या सांबराची. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस या शिंगांची निर्यात बंद केल्यापासून जुन्या साठ्यातल्या शिंगांचे भाव चढतच गेले. आज सांबरशिंगाच्या मुठीसाठी कारागीर जास्त पैसे मागत असेल तर तो नफेखोरी करत नाही. त्याला माल तसाच पडतो. मात्र असा चाकू भारतात आणताना वन्यजीव कायद्याची आठवण ठेवावी.

सोलापुरी_चादर

म्हणजे आमच्या जंगलातले शिंग त्यांच्या मुठीला लागणार, आणि आम्ही तो चाकू घरी आणू शकत नाही. छान.

तळटीप

मूळ प्रश्नाकडे वळतो. केदारराव, आपण ज्याला दुप्पट भाव म्हणता तो कायम राहत नाही, याचे उदाहरण देतो. ओहायोच्या रिक हिंडरर यांचा एक्सएम-१८ हा घडीचा चाकू साधारण २०१० नंतरची काही वर्षे मूळ किमतीच्या जवळजवळ दुपटीने विकला जात असे, आणि लोक 'आता घेतला नाही तर कधीच नाही' म्हणून धावत. पुढे त्यांनी उत्पादन वाढवले, शैलीही जुनी झाली, आणि आज वापरलेला एक्सएम-१८ बऱ्याचदा नव्याच्या किमतीखाली मिळतो. ते पूर्णपणे हातचे काम नव्हते हे मान्य, परंतु एकट्या कारागिरांच्या बाबतीतही जाड पट्ट्यांच्या, भल्यामोठ्या टायटॅनियम चाकूंची जी लाट आली होती तिचे असेच झाले. ज्यांनी लाटेच्या माथ्यावर खरेदी केली त्यांचे चाकू आज अर्ध्या भावात दिसतात, आणि कारागिरी होती तशीच आहे. आपला कारागीर अजून पुष्कळ वर्षे काम करणार असेल, तर तीन वर्षे थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वापरलेला घेणारच असाल तर एवढे तपासा. खटक्याची पट्टी पात्याच्या टोकावर किती आत सरकली आहे ते पाहावे. तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठीक, पलीकडच्या पट्टीला टेकू लागली असेल तर टायटॅनियम झिजले आहे असे समजावे. स्क्रूच्या खाचा बोथट झाल्या असतील तर चाकू वारंवार उघडून खोलला गेला आहे. मूळ छायाचित्राशी पात्याची उंची ताडून पाहावी, कारण यंत्रावर बेतालपणे धार लावणाऱ्यांनी पाते खाल्लेले असते आणि तो तोटा कोणालाच भरून काढता येत नाही. कारागीर हयात असेल तर त्यांना छायाचित्रे पाठवून चाकू त्यांचाच आहे का हे विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

अनघा_सॅन_होजे

तळटीप यांच्या उदाहरणाने माझेच म्हणणे सिद्ध होते. भाव बाजाराने चढवला आणि बाजारानेच उतरवला.

तळटीप

सिद्ध होते. फक्त मधल्या काळात पैसे कोणाचे गेले, हा केदाररावांचा प्रश्न आहे.

केदार_मॅरिएटा

सर्वांचे आभार. पुनर्विक्रीच्या बाजारातून घेण्याचा विचार तूर्त सोडून देतो. ज्यांचे काम आवडते त्यांच्या पिशवीत जूनमध्ये चिठ्ठी टाकीन, आणि नाव निघाले नाही तर काकांच्या सल्ल्याप्रमाणे शेवटच्या दुपारी टेबलाशी जाईन. दरम्यान, त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण आता स्वतंत्रपणे काम करतो असे कळले आहे. त्याचा दर ४५० डॉलर आहे आणि यादी आठ महिन्यांची. छायाचित्रांत तरी काम नेटके दिसते. नाव न झालेल्या माणसाकडून घेताना काय विचारावे?

न्यू_जर्सीचे_काका

घ्या. आज नाव झालेल्या अनेकांचे पहिले चाकू याच भावात विकले गेले होते.

लोहारकी

काकांइतकी घाई करू नका. त्या तरुणाला तीन गोष्टी विचारा. पाती तो स्वतः कडक करतो की बाहेर पाठवतो? बाहेर पाठवत असेल तर त्यात कमीपणा नाही, उलट नव्या माणसाच्या बाबतीत ती जमेची बाजू आहे. परंतु प्रत्येक खेपेची कठीणता मोजतो का, हे त्याला सांगता आले पाहिजे. पट्ट्या आणि पाते वॉटरजेटने, म्हणजे पाण्याच्या झोताने कापणाऱ्या यंत्रावर, कापून आणतो का, हेही विचारा. आणत असेल तर ४५० डॉलर ठीक आहेत, पण पुढे तेच काम 'संपूर्ण हातचे' म्हणून ९०० ला विकू लागला तर सावध व्हा. आणि खटका झिजल्यावर नवी पट्टी घालून देण्याचे काय घेशील, असे विचारा. ज्याने आपल्या चाकूंची दुरुस्ती एकदा तरी केली आहे तो लगेच आकडा सांगतो. आकडा सांगितला तर विसार देऊन टाका.